पुरातलं मीठ

मी लग्न होऊन मार्गासनीला आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंचं दुखणं जुनंच झालेलं होतं. लहानपणी सांधे धरून ताप आला, तो काळजात बसला, असं भोरचे डॉक्टर म्हणत. चार पावलं चालल्या की त्यांना धाप लागायची. झोपायच्या त्याही भिंतीला टेकून, बसूनच. डॉक्टरांनी थेंब मोजून घ्यायचं औषध दिलं होतं आणि मीठ तोडलं होतं. त्यांचं अळणी मी वेगळं रांधायचे.

त्या श्रावणात भरदुपारी नदी गावात शिरली. थोरल्या दिरांनी जाऊबाईंना पाठीवर घेतलं, मी त्यांच्या लेकीला कडेवर घेतलं आणि आम्ही वरच्या आळीतल्या देवळात गेलो. औषधाची बाटली कोनाड्यातच राहिली. घराची मागची भिंत बसली, हे मागून कळलं.

भोरची वाट पाण्याखाली होती. दीर रोज पाण्यापर्यंत जाऊन परत यायचे. आमचं धान्य भिजून आंबलेलं. आळीतल्या बाया आपल्यातलं आणून द्यायच्या: भाकरी, खारवलेली मिरची, सुकट.

"जाऊबाई, नुसती भाकरी खावा," मी म्हणाले.

"ती बी खारीच हाय गं. लोकांनी दिलंय, नावं कशी ठेवू? आन् उपाशी तरी किती ऱ्हाऊ?"

त्यांचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मग पोट फुगलं. देवळात इतकी दाटी की टेकायला भिंतही मिळेना, म्हणून मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचे. त्यांची धडधड माझ्या पाठीला लागायची. मध्येच एखादा ठोका चुकला की पुढचा लागेपर्यंत मी हलायचे नाही.

पाणी ओसरताच दीर चिखल तुडवत भोरला गेले आणि औषध घेऊन आले. सूज हळूहळू उतरली. जाऊबाई वाचल्या, पण चुलीपाशी बसायचं बळ काही परत आलं नाही.

"पुढल्या पावसाळ्यात म्या हितं न्हाई ऱ्हायची," त्या दिरांना म्हणाल्या. "डाक्टर जवळ असल्यालं बरं."

त्यांचं माहेर भोरलाच होतं. मग दर जेठात त्या बैलगाडीनं तिकडे जायच्या, दिवाळीला परतायच्या. लेक माझ्यापाशी राहायची. एका साली ती त्यांच्यादेखत मला आई म्हणाली. गाडीत बसल्यावर जाऊबाई मला जवळ बोलावून एवढंच म्हणाल्या, "तिची वेणी लई घट्ट घालू नको. डोकं दुखतं तिचं."

त्या पावसाळ्यात नदी काठातच राहिली. जाऊबाई गौरींच्या आधी, भोरलाच वारल्या.