धाकटीचं तेल

धाकटी जाऊ मालवणकडची. ती गारखेड्याच्या आमच्या घरात येईपर्यंत रविवारी सासूबाईंच्या डोक्याला तेल घालायचं काम माझं होतं. काम कसलं, मान होता तो. तेवढा अर्धा तास त्या फक्त माझ्याशी बोलायच्या.

तेलही मी निवडून आणायची. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊन लाकडी घाण्यावर जायची आणि तेल निघेपर्यंत तिथून हलायची नाही. घाणेवाले चाचा म्हणायचे, "भाभी, आपके सामने निकालता, फिकर नको करो."

धाकटीनं आल्या आल्या ओले नारळ फोडले. खोबरं खवलं, वाटलं, पिळून दूध काढलं आणि मंद आचेवर कढईत आटवत बसली. खालचा चोथा तांबूस झाला, वर तेल सुटलं. घरभर असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली. मी म्हटलं, "काही नाही, करपलंय."

त्या रविवारी सासूबाई सरळ तिच्यापुढं जाऊन बसल्या. पुढच्याही. "लई गार वाटतंय गं," म्हणत डोळे मिटायच्या, आणि स्वयंपाकघरात माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी एका शनिवारी मी तिची बाटली रिकामी करून त्यात माझं घाण्याचं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्याच म्हणाल्या, "लई गार वाटतंय." मी याचीच वाट बघत होते. ताडकन बाहेर आले. "आई, हे तेल माझं आहे. घाण्याचं!"

धाकटीचा हात थांबला. सासूबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"व्हय, वासावरनं कळलंय मला. तेलाचं काय घेऊन बसलीस? हिचा हात हलका हाय. तू भाकरी थापल्यागत थापतीस."

धाकटीला हसू आवरेना. म्हणाली, "ताई, बसा, तुम्हालाही घालते."

नाही कशी म्हणणार? बसले. तिनं टाळूवर तेल जिरवलं, बोटं कानामागं उतरवली. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे मिटले. त्या हातात खरंच काहीतरी होतं, आणि ते कुठल्याच घाण्यावर मिळणार नव्हतं. तेव्हापासून तर मी तिच्यावर जास्तच जळते.