रस्ता सोडणारं चाक

खड्ड्यांवरून जाताना गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप कसे वागतील, याचं गणित ताई गाड्यांच्या कारखान्यात संगणकावर मांडायची. तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात नव्या गाड्या चालवून बघायचा. एका दुपारी पडद्यावर तिला दिसलं, की लागोपाठच्या उंचवट्यांवर वेग वाढला की मागचं चाक रस्ता सोडतंय. अशी गाडी कधीही उलटू शकते. भाऊ तीच गाडी घेऊन चाचणीच्या रस्त्यावर गेला होता आणि फोन उचलत नव्हता. ताई जीव तोडून धावली आणि रस्त्याच्या मधोमध हात हलवत उभी राहिली. गाडी तिरकी घसरत चार हातांवर थांबली.

"ताई, मरायचंय का तुला?" भाऊ ओरडला.

"तू आधी खाली उतर!"

पुढे शॉकअप बदलले, गणितही जुळलं. पण भाऊ गाडीत बसला, की तिचे हातपाय अजून गार पडतात.