वाळणारी फुलं

सकाळी भांडी घासत होते, हात साबणाचे, तेवढ्यात नांदूरघाटहून धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोन आला. आत्या गेली, झोपेतच गेली, म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मग आज विहारात फुलं कोणी नेली?" बीडहून गाडीत बसले तरी त्या प्रश्नापाशीच घुटमळत होते. बाहेर उन्हात माळ पाण्यासारखा हलत होता आणि वाटत होतं, पुढच्या वळणावर आत्या हातात तांब्या घेऊन उभी असेल.

आत्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, माहेरी परतली ती कायमची. वस्तीतल्या विहारात बुद्धमूर्तीपुढं रोज ताजी फुलं ठेवणं हे तिचं काम. कुणी दिलेलं नव्हतं, तिनंच धरलेलं. दारात मोगरा, झेंडू, कडेनं सदाफुली. टँकरच्या दिवसांत तांदूळ धुतलेलं, तोंड धुतलेलं सगळं पाणी झाडांना. आत्या, तू आंघोळ तरी करतेस का, असं आम्ही चिडवायचो. करते की, मोगऱ्याच्या बुडाशी बसून, म्हणायची. कालची फुलं ती लगेच काढत नसे. आजची शेजारी ठेवायची, वंदना होईपर्यंत दोन्ही राहू द्यायची. ताजं बघा, वाळलेलंही बघा. मग वाळलेली पदरात घेऊन झाडाच्या बुडाशी टाकायची.

एका बुद्धपौर्णिमेला मोगऱ्यानं दगा दिला, म्हणून मिलिंदनं केजच्या बाजारातून प्लास्टिकच्या माळा आणल्या. विहार नुसता झगमगला. हात जोडून आम्ही फुलांची गाथा म्हणायला लागलो... हे फूल कोमेजतं तसंच हे शरीरही... आणि आत्या मधेच थांबली. माळ चिमटीत धरून म्हणाली, "मिल्या, हे तर मी मेल्यावर बी असंच राहील. मग गाथा कुणाला म्हणावं?" सगळा विहार हसला. मिलिंदचं तोंड एवढंसं झालं. त्या माळा पुढं पोरांच्या सायकलींना लागल्या.

माझा नवरा गेला तेव्हा मी आत्याकडे जाऊन पडले. भिंतीकडे तोंड, अन्न गोड लागेना. येणारे-जाणारे मला अनित्य समजावून सांगत. असा राग यायचा! ज्याचं गेलंय त्यालाच काय सांगता, सगळं जातं म्हणून? आत्यानं तसलं काही सांगितलं नाही. मीच एका सकाळी फणकाऱ्यानं विचारलं, आता जगायचं तरी कशाला?

"कावून जगायचं ते मला बी ठावं न्हाई गं," ती म्हणाली. "पण सकाळी विहारात फूल पायजे, एवढं ठावं हाय. ऊठ, तांब्या घे."

उठले. त्या सकाळींचं आता नीट आठवत नाही. ओल्या मातीचा वास, तिची पांढरी साडी, बोटांना लागलेला मोगरा... सगळं अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं. पण मी त्यातून जिवंत बाहेर आले, ती त्या तांब्यामुळेच.

तिला पोचवून आम्ही विहारात गेलो. तिनं आदल्या दिवशी ठेवलेली फुलं थाळीत तशीच होती, कडेनं काळवंडलेली. मिलिंद म्हणाला, ही टाकायची नाहीत, काचेच्या पेटीत ठेवू, आत्याच्या हातची शेवटची. खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. थाळी मांडीवर घेऊन मी बसून राहिले, कुणाला हात लावू देईना.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर मोगरा फुललेला. त्याला काय ठाऊक कोण गेलं ते! फुलं तोडली, थाळीत जुन्यांच्या शेजारी ठेवली. गाथा म्हटली, कशीबशी. मग आत्याची फुलं पदरात घेतली आणि बुडाशी टाकली. तिथंच बसून ढसाढसा रडले. मिलिंद उठला. तांब्या भरून आणला आणि त्या फुलांवर हळूच ओतला.

आता मी बीडला परत आलेय. आत्याचा पितळी तांब्या अजून मोगऱ्याखालीच असतो, ती ठेवायची त्याच जागी. परवा सकाळी मिलिंदचा फोन आला, मागं पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"ताई, मोगरा संपला. नुसती सदाफुली हाय. चालंल का?"

"वाळती ना?"

"संध्याकाळपर्यंत वाळती की."

"मग चालंल," मी म्हणाले.