कासवाला पोहता येईना

आमचं घर चंदगडाकडं, रानाला लागून. बायको होती तवर मृगाच्या सुमारास परसात एक कासव यायचं. तळहाताएवढं, तोंड पिवळं, नाकावर लाल टिकली. दिवसभर पाचोळ्यात डोकं खुपसून पडायचं, अळंबी, गांडुळं खायचं आणि कडुसं पडलं की मागच्या दारात हजर. ही त्याला फणसाचा गरा द्यायची. पूर्वी अशी बरीच दिसायची. रान तोडून काजू लावला, पाचोळा जाळला, आता हे एकच. मला त्यानं कधी विचारलं नाही, मीही त्याला नाही.

ती गेली, तरी यंदा ते आलं. मान वर करून दारातनं आत बघत बसलं. आता याला कोण सांगणार? मी गरा टाकला. तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. हे मेलं तर तिला हुडकत दारात येणारं कोण उरलं?

म्हटलं, कासवच ते, पाण्यावाचून तळमळत असंल. आमच्याकडं पाणी चांगलं राहावं म्हणून विहिरीत कासव सोडतात. उचललं आणि दिलं टाकून. चार पाय झाडले आणि दगडागत तळाला गेलं.

धोतर फेडून पायऱ्या उतरलो, तर वरनं शेजारची सून किंचाळली, "धावा! मामा जीव द्यायल्यात!"

निम्मी वाडी काठावर.

"मामा, असं करू नगासा! मामी परत येणार हाय व्हय?"

"कासव बुडालंय!"

"डोसकं फिरलंय म्हाताऱ्याचं. कासव कुठं बुडतंय?"

"अरं, खरंच बुडालंय की!"

"बरं, बुडूद्या. तुम्ही वर या, च्या घ्या."

बुडी मारली. कासव घेऊन लंगोटावर वर आलो.

"रानातलं हाय," मी म्हणालो. "ह्येला पोहायला येत न्हाय."

"मग विहिरीत टाकलं कुणी?"

मी धोतर नेसू लागलो.

कासव उंबऱ्यावर ठेवलं. पाय आत, मान आत. हलंना. शेजारच्या सुनेनं पडलेला गरा बघितला. "अख्खा टाकलासा व्हय? मामी आठळी काढून, बारीक करून द्यायच्या."

मलाही ती तसाच द्यायची. जन्मात कधी आठळी काढली नव्हती मी. खाली बसलो, गरा फोडला, बोटांनी कुस्करून पुढं ठेवला. बऱ्याच वेळानं लाल टिकली बाहेर आली. हुंगलं. खाल्लं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माझी बोटं चिकानं एकमेकांना चिकटली होती.

"मामा, आधी हाताला त्याल लावायचं असतंय."

"आता सांगतीस व्हय?"