कोंबड्या खुराड्यात जाईनात

माझी थोरली बहीण भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या अलीकडे शेतातच राहते. मी जालन्याला सळयांच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला आहे. गेल्या फेब्रुवारीत जोडून सुट्टी मिळाली म्हणून तिच्याकडे गेलो होतो.

दाजींचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. पुढे मेंढरं गेली, शेती राहिली. आता त्यांची मोसंबीची बाग आहे आणि बागेत पन्नासएक गावरान कोंबड्या मोकळ्या फिरतात. झाडाखालची माती त्याच उकरतात, किडे त्याच वेचतात, खतही त्यांचंच पडतं. विकतचं खाद्य त्या घरात येत नाही. पिल्लांसाठी आक्का एका मडक्यात ओलं शेण आणि गोणपाटाचे तुकडे भरते आणि ते बांधावर पालथं घालून ठेवते. एक-दोन दिवसांत त्याला वाळवी लागते. ते मडकं पिल्लांपुढे झटकलं की त्यांची जी धांदल उडते, ती बघायला मी कितीही वेळ उभा राहतो.

दाजी कोंबड्यांना बोलवतात तेही मेंढरांसारखंच. जीभ टाळ्याला लावून 'हुर्रर्र' असा आवाज घालतात आणि कोंबड्या बागेच्या टोकाहून पळत येतात.

मी पोचलो त्या दिवशी मावळतीलाही आल्या. खुराड्याच्या दारापर्यंत आल्या, तिथंच घुटमळल्या आणि एकेक करून शेजारच्या कडुलिंबावर उडून बसल्या. दाजींनी पुन्हा आवाज घातला. मोठा कोंबडा फांदीवरून मान वाकडी करून नुसता बघत राहिला.

"रानमांजर आल्तं का काय?" असं म्हणत दाजींनी बॅटरी घेतली आणि खुराडं आतून पाहिलं. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, आत कोंबड्यांना बसायला आडव्या फळ्या. साप नाही, मुंगूस नाही, कुठं बीळ नाही. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीने बादली पालथी घातली, तीवर चढून खालच्या फांदीवरची एक कोंबडी काढली आणि आत नेऊन सोडली. भाची वळायच्या आत ती कोंबडी तिच्या पायांतून निसटून बाहेर.

"आक्का, मी चढतो लिंबावर," मी म्हणालो. "एकेक धरून घालू आत."

"न्हाई रे बाबा," आक्का म्हणाली. "उगं न्हाई करायच्या त्या असं. काहीतरी तरास होऊन राह्यला त्यांना. आज बसू दे वरच."

मग दाजींनी आपली बाज लिंबाखाली आणून टाकली, कुत्र्याला पायथ्याशी बांधलं आणि राखण करत तिथंच झोपले.

सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो तर आक्का एक कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. "तुरा बघ हिचा," ती म्हणाली. लालभडक असायचा तो तुरा फिकट पडला होता. "अंडी बी कमी झालीत. मला वाटलं, ऊन वाढलं म्हणून आसंल."

कोंबडी सोडून ती खुराड्यात शिरली. मी दारात वाकून बघत होतो. तिने केसांतली पिन काढली आणि फळीच्या फटीत घालून उकरली. थोडी करडी धूळ पडली आणि बघता बघता ती धूळ चालायला लागली. आक्काने ती तळहातावर घेऊन बोटाने चिरडली. हातावर रक्ताचा डाग उमटला. खसखशीहून बारीक किडे होते ते. दिवसा फटीत लपायचे आणि रात्री कोंबड्या फळीवर बसल्या की त्यांचं रक्त प्यायचे.

त्या फळ्या दिवाळीनंतर दाजींनी आणल्या होत्या. शेजारच्या गावातली कोंबड्यांची एक बंद पडलेली शेड कुणीतरी मोडत होतं, चांगलं लाकूड फुकट चाललेलं त्यांना बघवलं नाही. आता तेही माझ्या मागे येऊन उभे राहिले. आक्काने तळहात त्यांच्यापुढे धरला. आमच्या घरी हे झालं असतं तर दुपारपर्यंत भांडण पुरलं असतं, म्हणून मी गुपचूप चहा पीत राहिलो.

"मीच आणल्त्या ह्या," दाजी म्हणाले.

"आणल्या तवा मीबी बघितल्या. मला कुठं दिसलं काही?" आक्का म्हणाली. "धरा इकडून. अन् बिलकुल घराकडं नेऊ नका, त्या टोकाला जाळा."

एवढंच. त्यानंतर दिवसभर ते दोघं त्या फळ्यांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

भोकरदनला औषध मिळेल, मी मोटरसायकलवर जाऊन आणतो, असं मी म्हणून बघितलं. "मिळतंय," आक्का म्हणाली. "पर ह्या दिसभर सगळीकडं चोच मारत्यात. आधी चुना करू, राख करू. न्हाईच भागलं, तर मंग जनावरांच्या डॉक्टरला इचारू."

फळ्या शेताच्या टोकाला जळाल्या. दाजींनी आतली जमीन बोटभर खरवडून काढली आणि ती मातीही आगीत टाकली. भाचीने आणि मी भिंतीच्या फटी शेणमातीने लिंपल्या, वर चुन्याचे दोन हात दिले. चुना डोळ्यांत गेला तेव्हा भाची म्हणाली, "मामा, सुट्टी बराबर लागली तुम्हाला." फळ्यांच्या जागी दाजींनी बांधावरचे बांबू तोडून, गुळगुळीत तासून बसवले. आक्काने बागेत एक खड्डा करून त्यात चुलीतली राख आणि लिंबाचा वाळका पाला चुरून टाकला. तासाभरात कोंबड्या त्यात लोळायला लागल्या, अंगावर राख उडवून घेत, डोळे मिटून.

संध्याकाळी आम्ही चौघं ओसरीवर बसलो. कोंबड्या खुराड्यासमोर जमल्या. मला राहवेना, मी उठायला लागलो तर आक्काने शर्ट धरून खाली बसवलं. "गर्दी करू नको. बघू दे त्यांना."

एक म्हातारी तांबडी कोंबडी दारात गेली, मान आत घालून बराच वेळ उभी राहिली आणि शिरली. तिच्यामागे आणखी काही. पण निम्म्या तरी लिंबावरच गेल्या. मला वाईट वाटलं. दिवसभर राबून निम्म्याच! दाजी मात्र खुशीत होते. "निम्म्या गेल्या की पाव्हणं!" म्हणाले आणि बाज टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला आलो. त्या आठवड्यात मी रोज फोन करून विचारायचो. चौथ्या का पाचव्या दिवशी आक्का म्हणाली, "गेल्या सगळ्या. कोंबडा तेवढा न्हाई ऐकून राह्यला, पर जाईन त्यो बी." मागून दाजींचं हसणं ऐकू आलं. मी विचारलं, काय झालं? तर ती म्हणाली, फोन ठेव, पिल्लं पायात आलीत.