वजनाला एक माणूस

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे पावमिलीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. फ्रेममध्ये काच पाव मिलिमीटर इकडची तिकडे बसली तरी ती काढून पुन्हा घासायला घ्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो चालेल, मला दिसतंय नीट. ती म्हणायची, तुम्हाला चालेल, मला नाही चालणार. अशी माणसं कामावर हवीहवीशी असतात आणि घरी जरा सोसावी लागतात. तिचा नवरा कारखान्यात पाळ्यांवर होता, त्यामुळे त्याचं निभावलं. बाबा मात्र दिवसभर घरात.

बाबा म्हणजे तिचे वडील. आई गेल्यापासून ते तिच्याकडेच राहत. सारी नोकरी टपाल वाटण्यात गेली, तीही लिफ्ट नसलेल्या इमारतींमधून. कुणाला आपला त्रास होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. चहा हवा असला तरी 'तू करणार असशील तर' म्हणायचे, आणि ती करणार नसली की बिनचहाचे राहायचे.

घरात आणखी एक होतं, ते म्हणजे गाडी. युरोपात बनलेली, तीन दरवाजांची, जुनीपुराणी हॅचबॅक. पहिल्या मालकानं ती शेडमध्ये धूळ खात टाकली होती. हिनं ती घरी आणली तेव्हा नवऱ्यानं कपाळाला हात लावला. पण बाई हटली नाही. पत्रा झाला, रंग झाला, वायरिंग झालं. सीटांना फिकट राखाडी कापड चढलं, आणि त्यावर कुणी ओली छत्री घेऊन बसलं की हिच्या कपाळाला आठी पडायची. शेवटी राहिली उंची. मूळ गाडी टाचा उंचावल्यासारखी उभी राहायची. चाक आणि मडगार्ड यांच्यात अख्खा पंजा जाईल एवढी फट. ती फट हिच्या डोळ्यांत सलायची. मेकॅनिककडून आखूड स्प्रिंग बसवून घेतल्यावर गाडी खाली बसली, फट जेमतेम बोटभर उरली आणि हिला स्वर्ग दोन बोटं उरला.

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "बरीच खाली आणलीस गं."

"अशीच छान दिसते."

"हो, दिसते खरी."

एवढंच ते बोलले. पण तिनं त्यात टोमणा ऐकला आणि तो मनात ठेवून दिला. टोमणे जपून ठेवण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

दर रविवारी ती बाबांना गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. तिथं त्यांच्या जुन्या दोस्ताचं सलून होतं. दाढी हे निमित्त. दोघे म्हातारे तास दोन तास जगाची हजामत करत बसायचे. गाडी खाली बसल्यावर एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. सलूनसमोर पोचलं की बाबांना काहीतरी हवं असायचं. "तेवढा समोरून पेपर आणतेस?" पुढच्या वेळी खोकल्याच्या गोळ्या. ती चरफडत जायची आणि परत येईपर्यंत ते फुटपाथवर उभे राहून हात झटकत असायचे. मग एका रविवारी म्हणाले, "आता घरीच करतो दाढी. कंटाळा येतो तिकडे जायचा."

"रुसलेत," तिनं नवऱ्याला सांगितलं. "गाडी आवडली नाही ना त्यांना."

"विचार तरी."

"मी नाही विचारणार. नाकं मुरडायची त्यांनी आणि समजूत काढायची मी?"

नवऱ्यानं मान डोलावली. पाळीची वेळ झालीच होती.

आता गाडीत असा फेरफार केला की तो सरकारी तपासणीत दाखवावा लागतो. तपासनीस मोजमाप घेतो, नियमात बसत असेल तर नवी उंची कागदपत्रांवर चढते. नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची सोय नाही. तपासणीची तारीख आली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "ताई, भरल्या गाडीची उंची मोजतात. मागच्या सीटवर दोघांचं वजन पाहिजे. भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासतो का, ते बघतात. वाळूची पोती टाकू या."

"पोती? त्या सीटवर?"

"खाली चादर अंथरू."

"गळतात पोती. कापडात वाळू शिरली की कायमची."

"मग माणसं बघा. एक मी आहेच. तसा दोघांना भारी आहे, पण तिथं डोकी मोजतात."

नवऱ्याची सकाळपाळी होती. शेजाऱ्यांना विचारायचं तर मिंधेपणा. तेव्हा तिला बाबा आठवले. आठवले ते असे, पोत्याच्या बदली. पुढे कितीतरी दिवस तिला हीच गोष्ट आधी आठवायची आणि हातातली काच खाली ठेवावी लागायची.

तिला वाटलं होतं, म्हातारा आढेवेढे घेईल. पण बाबा क्षणभर पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "येतो की. काय करायचंय मला?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

सकाळी बघते तर ते तयार. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिशसुद्धा. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी कामासाठी न्यायला आलं होतं ना. पुढची सीट वाकवून ते मागे शिरले आणि धप्पकन बसले. तिनं तो आवाज ऐकला, पण तिचं सगळं लक्ष मागच्या चाकावर होतं. बाबा बसल्यावर फट किती कमी झाली, ते ती वाकून बघत होती.

वाटेत मेकॅनिकला घेतलं. तो गडगडत बाबांशेजारी येऊन बसला आणि गप्पिष्ट माणसाच्या सवयीनं बोलायला लागला. "बरं झालं काका, तुम्ही आलात. नाहीतर वाळूची पोती आणणार होतो. ताईंना सीट मळायची भीती. म्हटलं, माणूस केव्हाही बरा, आपला आपण चढतो, आपला आपण उतरतो."

तिचे कान तापले. आरशात बाबा दिसत होते. त्यांनी सीटवरून हलकेच हात फिरवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कापड चांगलं आहे."

तपासणी केंद्र म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. तपासनीस कमी बोलणारा, बारीक अंगाचा. त्यानं सगळ्यांना आत बसवूनच चारी बाजूंनी उंची मोजली, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, टायर कुठे टेकत नाही हे बॅटरी मारून पाहिलं. मग म्हणाला, "झालं. आता रिकामी मोजू. उतरा सगळे."

ती उतरली. पलीकडून मेकॅनिक कुंथत, हसत बाहेर पडला. बाबा आतच.

"बाबा, उतरा ना."

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो."

"अहो, मागे गाड्या खोळंबल्यात."

"तू तेवढं पाणी आणतेस का कुठून? घसा सुकलाय."

"पाणी मग. आधी उतरा तुम्ही." आवाज चढला होता तिचा. रांगेतली माणसं बघायला लागली.

मग बाबांनी तिच्याकडे पाहणं सोडलं. त्यांनी अंग वळवलं, पाठ दाराकडे केली आणि आधी एक पाय मागे बाहेर सोडला. तो जमिनीवर टेकवला, मग दुसरा. आणि इस्त्रीच्या शर्टातले तिचे वडील हातांवर नि गुडघ्यांवर, रांगत्या पोरासारखे, उलटे शेडच्या तेलकट फरशीवर उतरले. तिथून दाराला धरून, एकेक गुडघा वर घेत उभे राहिले. हात झटकले.

त्यात कुठे चाचपडणं नव्हतं. कोणता हात आधी, कोणता गुडघा नंतर, सगळं ठरलेलं. हे त्यांनी आज पहिल्यांदा केलं नव्हतं. पेपर आणायला धाडायचे तेव्हा करायचे. गोळ्या आणायला धाडायचे तेव्हा करायचे. लेकीनं बघू नये म्हणून तिला रस्ता ओलांडायला लावायचे, आणि तिनं त्याला रुसवा म्हटलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या शेडमध्ये कळलं. दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं पाव मिलिमीटर जिला दिसतं, तिला बापाचे गुडघे दिसले नव्हते.

तपासनिसानं मान वळवली होती. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. रिकामी गाडी मोजून तो म्हणाला, "नियमात बसते. हीच उंची कायम नोंदवायची ना? पुन्हा बदलायची झाली तर पुन्हा तपासणी लागेल."

आता नको म्हणावं, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. पण मेकॅनिक कौतुकानं हसत होता, रांग चुळबुळत होती आणि आपलं सगळं पितळ इथं उघडं पडेल या भीतीनं तिची जीभ टाळूला चिकटली. बाबाच म्हणाले, "कर सही. केवढी धडपड केलीस."

आणि तिनं सही केली. चांगली ठसठशीत केली.

परतीच्या वाटेवर मेकॅनिक त्याच्या गॅरेजपाशी उतरला. तिनं बाबांना पुढे बसायला सांगितलं, तर ते म्हणाले, "राहू दे, आता घरीच काय ते उठू." मग ती म्हणाली, "मी परत उंच करून घेते गाडी."

"कशाला? पुन्हा तपासणी, पुन्हा माणसं गोळा करा. पुन्हा मलाच नेशील."

ते थट्टा करत होते. तिला रडू येत होतं आणि रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असं वाटत होतं.

घरासमोर गाडी थांबली. बाबा म्हणाले, "तू हो पुढे. दार उघड."

ती गेली नाही. पुढची सीट वाकवून ती आत शिरली, त्या राखाडी कापडावर बूट-गुडघे टेकले आणि दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले. "धरा मला."

"अगं, लोक बघतील. कंबर धरेल तुझी."

"धरा, बाबा."

त्यांनी तिच्या मानेला मिठी घातली. ती वाकड्या अंगानं मागे सरकली, एक पाय बाहेर टेकला आणि उचललं. पोत्याच्या जागी नेलेला माणूस. तिला वाटलं होतं, जीव काढेल. पण ते सहज वर आले. शर्टाच्या आत नुसती हाडं होती. ती त्यांना घट्ट धरूनच फुटपाथवर उभी राहिली, कारण सोडलं असतं तर तोंड दाखवावं लागलं असतं.

"जड झालो ना तुला?" तिच्या खांद्यापाशी त्यांनी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. आणि ते खरं होतं, हेच तिला सोसेना.