काठीच्या वाटेतला सज्जा

सोलापुरात आलो तेव्हा पहिलं नवल वाटलं ते छपरांचं. आमच्याकडे कोकणात छप्पर उतरतं असतं, पावसाला वाट द्यावी लागते. इथं घरांच्या डोक्यावर सपाट माती. माळवद म्हणतात त्याला. त्यावर बायका सांडगे घालतात, मुलं पतंग उडवतात आणि उन्हाळ्यात सगळं घर झोपायला वर जातं. गिरण्यांची धुराडी, किल्ल्याचे बुरूज आणि तळ्यातल्या देवळाचं शिखर सोडलं तर मान वर करून बघावं असं त्या वेळी शहरात फार काही नव्हतं. आमच्या गल्लीपुरती ती उणीव आम्ही भरून काढली. आम्ही म्हणजे मिस्त्री आणि मी. त्या गल्लीतली पहिली तीन मजली इमारत आम्ही उभी केली, आणि तिचा नकाशा माझ्या हातचा होता. हे आज छाती पुढे काढून सांगतो. तेव्हा मात्र त्याच छातीत धडधड जास्त असे.

माझं शिक्षण मराठी पाचवीपर्यंत, तेही अर्धं. नात्यातले एक काका रेल्वेत होते, त्यांच्या मागून सोलापूरला आलो. वर्षभरात त्यांची बदली झाली आणि मी मागे राहिलो. परत जायला तोंड नव्हतं. मिस्त्रींच्या एका कामावर विटा मोजायला लागलो होतो. तिथं एका दुपारी कोळशानं भिंतीवर जिन्याचं चित्र काढलं, तर मिस्त्री मागे येऊन उभे. ते जवळच्या वळसंग गावचे. अक्षरओळख नाही, पण भिंत ओळंब्यात आहे की नाही हे नुसत्या नजरेनं सांगत. चित्राकडे बराच वेळ बघून म्हणाले, "पायऱ्या मोजून काडल्यास की अंदाजानं?"

"मोजून."

"मग विटा काय, कुनीबी मोजंल. तू कागद घे."

तेव्हापासून नकाशे माझ्याकडे आणि जेवण त्यांच्या घरी. भातावर वाढलेल्या माणसाला ज्वारीची भाकरी उतरेना, तर घरची सगळी मजा बघत. "आरं कोकण्या, चाव जरा. गिळतोस काय, भात न्हाय ती!" त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही आणि ते कधी फिटतील असंही मला वाटत नाही. म्हणूनच पुढची गोष्ट मला इतकी लागली.

इमारतीचे मालक कापडाचे व्यापारी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. घरात कानडी, दुकानात मराठी. खाली दुकान, मध्ये वखार, वर राहणं असा त्यांचा बेत. त्यांची एकच हौस होती. "वरच्या सज्ज्यात खुर्ची टाकून बसता आलं पाहिजे बघ. हिकडं गिरणीची चिमणी, तिकडं देवाचं शिखर. दोन्ही एका जागंवरनं." शेजारच्या माळवदावरच्या बायका कुरकुरल्या. आता सांडगे घालताना आप्पा वरून बघत बसणार! आप्पांनी खालूनच ओरडून सांगितलं, "मी वर बघनार, बायांनो, खाली न्हाय."

नकाशात मी सज्जा दोन फूट धरला होता. मिस्त्रींनी बोटानं कागदावर मोजून तो मान्य केला होता. पण सज्ज्याचं काम आलं त्याच आठवड्यात मिस्त्री हिवतापानं पडले. सिमेंट ओतायच्या साच्याच्या फळ्या ठोकताना मी वर उभा राहिलो, हातानं खुर्चीचा अंदाज घेतला आणि मला वाटलं, दोन फुटांत खुर्ची मावली तरी गुडघे कुठं जातील? सिमेंट नवीन होतं, लोखंडी सळ्या होत्या, लाकडी तुळईला जमणार नाही ते याला जमणार होतं. मी सज्जा साडेतीन फूट केला.

निष्काळजीपणा केला असं नाही. मला वाटत होतं, मी फार काळजी घेतोय. खालचा ओटा उलट मी हातभर मागे घेतला. का, तर देवाची वाट अडायला नको. आमच्याकडे शिमग्यात पालखी येते, ती खांद्यावर, दारोदार नाचत. तेव्हा गल्लीतून दोन माणसं खांद्याला खांदा लावून पालखीसकट जातील, एवढी जागा मी सुतळीनं मोजून सोडली आणि स्वतःवर खूष झालो. संक्रांतीला या गल्लीतून देव जातो हे ऐकून होतो. पण कसा जातो ते विचारलं नाही. मी आल्यापासून एकच संक्रांत झाली होती, आणि तेव्हा मी काकांकडे रेल्वेच्या चाळीत तापानं पडून होतो, बघितलंच नव्हतं. इथल्या लोकांना वाटलं, हे काय कुणाला सांगायचं असतं?

फळ्या काढल्या तेव्हा आप्पा खुर्ची घेऊनच वर आले. बसले. पाय लांब केले. चिमणी दिसली, शिखर दिसलं. खाली उतरून त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

संक्रांत महिन्यावर आली आणि एका संध्याकाळी उन्हं असतानाच सराव सुरू झाला. सोलापूरला संक्रांतीच्या यात्रेत तळ्यातल्या देवाचे नंदीध्वज निघतात. लोक काठ्याच म्हणतात. दोन मजल्यांहून उंच, जड काठी, तिचं बूड कमरेच्या पट्ट्यात रोवून एकटा माणूस ती उभी पेलत गल्ल्यागल्ल्यांतून जातो. आमच्या भागातली काठी तालमीचे वस्ताद पेलत. ते वळणावर आले. वळताना काठी बाहेर झुकते आणि पेलणारा तिच्याखाली सरकतो. तशी ती झुकली, आणि वस्ताद जागीच थांबले. काठीचा शेंडा माझ्या सज्ज्यापासून चार बोटांवर होता.

त्यांनी काठी सावरली, दोन पावलं मागे आले आणि मान वर केली.

"आप्पा, ह्यो पाळना कुनी टांगला?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "बाळ कुटं हाय त्यातलं?"

वस्ताद हसले नाहीत. "हितनं काठी जानार न्हाय."

आप्पा दुकानातून बाहेर आले होते. घाईत म्हणाले, "जरा तिरपी घ्या की, वस्ताद."

हसणाऱ्यांनी वळून आप्पांकडे बघितलं. वस्ताद हळूच म्हणाले, "आप्पा, तुमी म्हंताय हे? काठी कुनाच्या दारात वाकल्याली बगितलीय का कवा?" आप्पांचा चेहरा उतरला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरून काठीला खोबऱ्याचे हार जातात, त्यांच्या घरापुढं काठी अडली होती.

मिस्त्री अंथरुणातून उठून दोनच दिवस झाले होते. घोंगडी पांघरून ते ओट्यावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं, सज्जा नजरेनं मोजला, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि उठून म्हणाले, "चूक माजी हाय. ध्यान ऱ्हायलं न्हाय."

ते गप्प राहिले असते तर कदाचित मीही गप्प राहिलो असतो. इतका भित्रा होतो मी. या गावात मला एकच घर होतं आणि ते ज्याच्या जिवावर उभं होतं त्या माणसाची अब्रू आता चारचौघांत माझ्यामुळं जात होती. जिन्यातून बघत होतो तो मी खाली उतरलो.

"मिस्त्री तापात होते. नकाशात सज्जा दोन फूट आहे. वाढवला मी."

"का रं?" आप्पा.

"तुमचे गुडघे मावावेत म्हणून."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी त्यातला काटा गेला होता. आप्पा स्वतःशीच कानडीत काही पुटपुटले. वस्तादांनी मला जवळ बोलावलं. "कुटला तू? तुज्या गावात देव कसा जातो?"

"पालखीत. खांद्यावरून."

"म्हंजे बसून जातो. आमचा उबा जातो. हितं वर बगून मोजायचं असतं."

"किती कापू?"

"मला काय इचारतोस? उद्या काठी घेऊन येतो. तू वर उबा ऱ्हा आनि तूच बग."

दुसऱ्या सकाळी मी सज्ज्यात कोळसा घेऊन उभा. सज्जा टाळून त्याच्या अलीकडेच काठी तीनदा वळली; शेंडा भिंतीच्या किती जवळ येतो ते मी वरून बघितलं. तिसऱ्या खेपेला वारा होता, तेव्हा शेंडा सर्वांत आत आला. तेवढं अंतर धरून सज्ज्यावर खूण केली. मग त्याच्या आत आणखी एक वीत मोजून रेघ ओढली. ती नकाशातल्या दोन फुटांच्याही आत आली.

मिस्त्री म्हणाले, "खुनंपतूर पुरं की."

"नाही. त्या दिवशी काठीला हार असतील, वर झेंडा असेल. वीतभर आणखी."

त्यांनी छिन्नी घेतली आणि रेघेवर पहिला घाव स्वतः घातला. त्यांनी माझं ऐकलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आप्पांना वेगळीच धास्ती. "कापल्यावर उरलेलं खाली येनार न्हाय न्हवं? घरातल्या बायका उभ्या ऱ्हानार त्यात." मी त्यांना सांगितलं, बाहेरचं वजन गेलं की आतल्या सळ्यांना ओझं उलट कमीच होतं. त्यांचा विश्वास बसेना. मी म्हटलं, "यात्रेला बायका वर, मी बरोबर त्यांच्या खाली." आठ दिवस छिन्नी चालली. सळ्या करवतीनं कापल्या, टोकं सिमेंटनं झाकली. उरला तो दीड फुटाचा सज्जा.

यात्रेच्या दिवशी मी शब्द दिल्याप्रमाणे सज्ज्याखाली उभा होतो. वर बायका होत्या, पण माझी नजर सिमेंटवर नव्हती, वळणावर होती. वाजंत्री आली, पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या माणसांनी गल्ली भरली, "हर्र बोला हर्र" झालं. वरून खोबऱ्याचा हार काठीकडे सोडला गेला. वस्ताद वळणावर आले. काठी झुकली, हार हेलकावला, झेंडा फडफडला आणि सज्ज्याच्या कडेपासून हातभर लांबून गेला. वस्तादांनी वर पाहिलंच नाही. सरळ समोर बघत, चाल न मोडता ते पुढे गेले.

आप्पांच्या भावाची पलीकडच्या गल्लीत जागा होती, तिथं त्यांना घर बांधायचं होतं. यात्रा संपल्यावर आप्पांनी मला आणि मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री आधीच म्हणाले, "कागद ह्याचाच असंल, आप्पा. पटत असंल तर सांगा."

आप्पा माझ्याकडे वळले. "मग कधी येतोस मोजायला?"

"उद्या येतो," मी म्हणालो. "पण वस्तादांना निरोप धाडा. त्या गल्लीतून काठी कशी जाते ते आधी बघीन, मग सुतळी लावीन."